सीबीआरएसमध्ये दोघांनाही एकच चॅनेल मंजूर झाला. मग नोंदणीचा उपयोग काय?

प्रश्न: उंच_मनोरा

नमस्कार. अमेरिकेत स्थिर बिनतारी ब्रॉडबँड पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत जाळ्याच्या आखणीचे आणि देखभालीचे काम माझ्याकडे आहे. आमचे बहुतेक ग्राहक विरळ वस्तीत राहतात, तिथवर फायबर येण्याची चिन्हे नाहीत आणि आमची सारी भिस्त ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ या सामायिक पट्ट्यावर, म्हणजे सीबीआरएसवर आहे. लिलावातला प्राधान्य परवाना आमच्याकडे नाही. सर्वांना खुल्या असलेल्या जीएए श्रेणीत आम्ही काम करतो. प्रत्येक बेस स्टेशनची आणि ग्राहकांच्या छपरांवरील जास्त शक्तीच्या संचांची नोंद एसएएसकडे, म्हणजे या पट्ट्याचे वाटप करणाऱ्या संगणकीय व्यवस्थेकडे, रीतसर केलेली आहे. मनोऱ्याचे अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची, दिशा, कल आणि शक्ती हे सारे प्रमाणित इन्स्टॉलरकडून भरून घेतलेले आहे.

अडचण अशी, की एका मनोऱ्यावरील पूर्वेकडच्या सेक्टरचा, म्हणजे त्या दिशेला सेवा देणाऱ्या अँटेनाच्या भागाचा, अपलोड पार बसला आहे. व्हिडिओ कॉलवर आमच्या ग्राहकांचा आवाज पलीकडे तुटत तुटत पोहोचतो. त्यांना स्वतःला मात्र समोरच्याचे चित्र स्वच्छ दिसते, कारण डाउनलोडला फारसा धक्का लागलेला नाही. रेडिओ बदलला, केबल आणि कनेक्टर तपासले, पण दोष सापडला नाही. शेवटी स्कॅन केल्यावर उलगडा झाला. पाच किलोमीटरवर, अगदी नजरेच्या रेषेत, दुसऱ्या एका पुरवठादाराने नवे बेस स्टेशन उभारले आहे, त्याचा एक सेक्टर आमच्याकडे तोंड करून आहे आणि त्यालाही आमचाच चॅनेल मंजूर झालेला आहे.

दोन्ही मनोऱ्यांची इत्थंभूत माहिती हाताशी असताना एसएएसने ही मंजुरी दिलीच कशी? आम्ही आधी आलो, तर आम्हाला काही अग्रहक्क आहे की नाही? एफसीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाकडे, तक्रार करून त्यांचा तो सेक्टर बंद करवता येईल का? आणि केवळ अपलोडच का मार खातो, हेही कोणी समजावून सांगितले तर उपकार होतील.

उत्तर: नियमवाचक

आपला समज स्वाभाविक असला तरी त्याला नियमात आधार नाही. खालच्या श्रेणीमुळे वरच्या श्रेणीला त्रास होऊ नये, यासाठी एसएएसची योजना आहे. एकाच श्रेणीतल्या दोघांचा वाद मिटवण्याचे बंधन तिच्यावर नाही. सर्वांत वर या पट्ट्याचे आधीपासूनचे वापरकर्ते आहेत, म्हणजे मुख्यतः नौदलाची रडारे आणि काही उपग्रह भूकेंद्रे. त्यांच्याखाली २०२० साली लिलावात विकले गेलेले प्राधान्य परवाने, म्हणजे पीएएल, आणि तळाशी जीएए. किनाऱ्यावरच्या संवेदकांनी रडार सुरू झाल्याचे कळवले, की ३०० सेकंदांच्या आत संबंधित चॅनेल मोकळा करून घेणे एसएएसला भाग असते. पीएएलधारकांच्या क्षेत्रासाठीही निरनिराळ्या एसएएस रोज रात्री एकमेकींशी माहितीची देवाणघेवाण करून एकूण व्यत्ययाचा हिशेब मांडतात. जीएए विरुद्ध जीएए या जोडीसाठी मात्र संरक्षणाचा असा कोणताही हिशेब नियमाने सांगितलेला नाही. त्यामुळे आपल्या हातातील मंजुरीचा अर्थ एवढाच, की या क्षणी आपण आपल्या वरच्या कोणालाही त्रास देत नाही. आपल्याला कोणी त्रास देणार नाही, असे आश्वासन त्यात कुठेही नाही.

एफसीसीच्या नियमावलीच्या ९६ व्या भागात या श्रेणीसाठी एक कलम आहे, ते दोघांनीही वाचावे. बाहेर बसवलेल्या, जास्त शक्तीच्या जीएए संचांच्या चालकांनी जागा आणि तांत्रिक मापे अशी निवडावीत, की व्यत्यय देण्याची आणि घेण्याची शक्यता कमीत कमी राहील. आणि व्यत्यय झालाच तर देणारा व घेणारा या दोघांनीही सहकार्याने, तांत्रिक उपायांनी किंवा परस्परांना मान्य अशा अन्य व्यवस्थेने तो मिटवावा, अशी अपेक्षा त्यात नोंदवली आहे. शब्द नीट पाहा: जबाबदारी दोघांवर सारखीच टाकली आहे आणि आधी कोण आला, याचा उल्लेखही नाही. म्हणून ‘त्यांचा सेक्टर बंद करा’ अशी तक्रार टिकणार नाही. ‘आम्ही लेखी प्रस्ताव पाठवले, तरी ते सहकार्य करत नाहीत’ ही तक्रार निदान कलमाला धरून असेल, पण त्यासाठी आधी प्रस्ताव पाठवलेले असले पाहिजेत.

अग्रहक्काच्या मुद्द्यावर थोडा इतिहास सांगतो, कारण याच पट्ट्याच्या वरच्या भागात हा प्रयोग आधी होऊन गेला आहे. २००५ मध्ये एफसीसीने ३६५० ते ३७०० हे ५० मेगाहर्ट्झ ‘हलक्या परवान्या’वर खुले केले. परवाना देशभरासाठी असे, परवानाधारकांच्या संख्येला मर्यादा नव्हती आणि कोणाचाही एकट्याचा हक्क नव्हता. बेस स्टेशनची नोंद करायची, २५ मेगाहर्ट्झमागे २५ वॅटच्या मर्यादेत राहायचे, जुन्या उपग्रह भूकेंद्रांच्या १५० किलोमीटर परिघात शिरायचे असेल तर त्यांची संमती मिळवायची, आणि बाकी परवानाधारकांनी आपापसांत जमवून घ्यायचे, अशी ती रचना होती. कोणत्याही प्रकारचे दुसऱ्याचे प्रक्षेपण ओळखून जागा देणाऱ्या उपकरणांना पूर्ण पट्टा मिळे, तर फक्त स्वतःच्या जातीच्या उपकरणांना ओळखणाऱ्यांना खालचे २५ मेगाहर्ट्झ. कागदावर हे छान वाटते. प्रत्यक्षात ग्राहकाच्या छपरावरची अँटेना स्वतःच्या मनोऱ्याकडे रोखलेली असते; शेजारच्या जाळ्यातले संच तिला ऐकूच येत नाहीत, मग ती जागा देणार कोणाला?

याउलट ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांतही परवाना तसाच, देशभराचा आणि सर्वांना खुला आहे. तिथे मात्र २००३ पासून प्रत्येक लिंकची नोंद होते आणि आधी नोंदलेल्या लिंकला नंतरच्या लिंकपासून संरक्षण मिळते. ती व्यवस्था व्यवस्थित चालली आहे. याचे कारण भूमितीत आहे. त्या पट्ट्यातील अँटेनाची शलाका, म्हणजे लहरींचा झोत, फार अरुंद असते; ती १.२ अंशांची असेल, तर एक किलोमीटरवर तिची रुंदी जेमतेम २१ मीटर भरते. नव्याने येणारा माणूस आपली लिंक जुन्या लिंकच्या आड येत नाही, हे आकडेमोडीने सिद्ध करू शकतो आणि एकाच छपरावरून अनेकांच्या लिंक निघू शकतात. तुमचा ९० अंशांचा सेक्टर पाच किलोमीटरवर जवळजवळ आठ किलोमीटर लांबीचा कंस व्यापतो. तिथे ‘आधी आला त्याचा हक्क’ हे तत्त्व लावले, तर पहिला येणारा मोजक्या मनोऱ्यांच्या बळावर अख्खी कौंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, अडवून बसेल आणि पट्टा सामायिक राहणारच नाही. माझ्या मते एफसीसीने तो हक्क दिला नाही, हे योग्यच केले. फक्त त्याच्या जागी काय, हे ठरवण्याचे काम पुरवठादारांच्या गळ्यात टाकले.

उत्तर: लहरी_अभियंता

कायद्याची बाजू वर आली आहे. अपलोडच का, याचे उत्तर आकड्यांत आहे, म्हणून ते मांडून दाखवतो.

बाहेरच्या, ‘ब’ वर्गाच्या संचाला १० मेगाहर्ट्झमागे ४७ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे शक्तीचे एकक) प्रभावी शक्ती वापरता येते. शेजाऱ्याने ती पूर्ण वापरली आहे असे धरा. ३.६ गिगाहर्ट्झवर पाच किलोमीटरच्या मोकळ्या मार्गात सुमारे ११७.६ डेसिबलची घट होते. तुमच्या सेक्टर अँटेनाचा लाभ, म्हणजे सिग्नल एका दिशेने एकवटण्याची तिची क्षमता, १७ डीबीआय धरला, तर त्यांचा सिग्नल तुमच्या रिसीव्हरवर उणे ५३.६ डीबीएम इतका येतो. १० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये उष्णतेमुळे असणारा नॉइज उणे १०४ आणि रिसीव्हरचा स्वतःचा ५ डेसिबलचा भर, म्हणजे तुमची तळरेषा, ज्याखालचा सिग्नल नॉइजमध्ये बुडतो ती पातळी, उणे ९९. छपरावरच्या ग्राहकाचा सिग्नल तुमच्या मनोऱ्यावर साधारण उणे ७० ने येत असेल, तर शेजाऱ्याचा मनोरा तुमच्याच ग्राहकापेक्षा १६ डेसिबल मोठ्याने बोलतो आहे. अशा वेळी कोणतेही मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर माहिती चढवण्याची पद्धत, तग धरत नाही.

ग्राहकाच्या बाजूने हे चित्र उलटे असते. त्याची अँटेना अरुंद शलाकेची, तुमच्याकडे वळलेली, आणि शेजाऱ्याचा मनोरा बहुतेकांच्या पाठीशी किंवा बाजूला येतो. शिवाय छपराची उंची मनोऱ्याइतकी नसल्याने मधली झाडे आणि जमिनीचे चढउतार आपोआप आडोसा देतात. मनोरा ते मनोरा या मार्गात असा कोणताच आडोसा नसतो. कव्हरेजसाठी निवडलेली उंच जागा व्यत्यय गोळा करण्यासाठीही सर्वांत सोयीची ठरते, हे या धंद्याचे जुने दुखणे आहे.

आता मुख्य प्रश्न. दोन्ही जाळी टीडीडी आहेत, म्हणजे एकाच चॅनेलवर आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. दोघांची घड्याळे जीपीएसला बांधलेली असतील आणि बोलण्या-ऐकण्याच्या वेळा तंतोतंत जुळत असतील, तर एक मनोरा बोलत असताना दुसराही बोलत असतो, आणि मनोऱ्याने मनोऱ्याला बधिर करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून जीपीएस सुरू आहे का, एवढे विचारून थांबू नये. चौकटीची रचना कोणती, हेही पाहावे. एलटीई, म्हणजे ४जी मोबाइलचे तंत्र, असेल तर १० मिलिसेकंदांच्या चौकटीत ० ते ९ असे दहा उपविभाग असतात. रचना क्रमांक १ मध्ये त्यांतले चार अपलोडचे असतात, क्रमांक २ मध्ये दोनच. दोन्ही शेजारी शेजारी मांडून पाहिल्या, तर त्या फक्त ३ आणि ८ या उपविभागांत वेगळ्या आहेत: क्रमांक १ चा मनोरा तिथे ऐकत असतो आणि क्रमांक २ चा मनोरा नेमका तेव्हा बोलत असतो.

माझा अंदाज असा, की तुम्ही १ वर आहात आणि ते २ वर. तसे असेल तर तुमच्या चारपैकी दोन अपलोड उपविभाग पूर्णपणे वाया जात आहेत, आणि त्यांना स्वतःला यातले जवळजवळ काहीही जाणवत नाही. त्यांच्या बाजूने ३ आणि ८ मध्ये ऐकणारे असतात त्यांचे ग्राहक, आणि तेव्हा बोलणारे तुमचे ग्राहक. छपराकडून छपराकडे जाणारा तो सिग्नल फारच क्षीण असतो. ही विषमता ध्यानात ठेवा, कारण ‘आमच्याकडे तर काही अडचण दिसत नाही’ असे ते म्हणतील तेव्हा ते खरेच बोलत असतील.

पुन्हा उंच_मनोरा

दोघांचेही आभार. लहरी_अभियंता, आपला अंदाज बरोबर निघाला. आमची रचना १ आहे. शेजाऱ्याच्या प्रक्षेपणाची वेळ स्पेक्ट्रम ॲनलायझरवर पाहिली, तर ती स्पष्टपणे २ ची दिसते आणि दोघांचीही घड्याळे जीपीएसवर आहेत.

आता कार्यालयात दोन मते पडली आहेत. एक मत असे, की आपण रचना का बदलावी? आम्ही १ निवडली ती घरून काम करणाऱ्या ग्राहकांना अपलोड जास्त लागतो म्हणून. दुसरे मत असे, की या पट्ट्याचा नाद सोडून तो सेक्टर ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर न्यावा. तिथे नोंदणीची कटकट नाही, असे सांगितले जाते. यावर अनुभवी मंडळींनी मत द्यावे.

उत्तर: ग्रामीण_दुवा

मी अशाच विरळ वस्तीत बरीच वर्षे जाळी उभारतो आहे, म्हणून आधी दुसऱ्या मताबद्दल लिहितो. ५ गिगाहर्ट्झमध्ये परवाना लागत नाही, याचा अर्थ तिथे आपल्याला हक्कही नाही. एफसीसीच्या १५ व्या भागानुसार विनापरवाना उपकरणाने इतरांना घातक व्यत्यय देऊ नये आणि स्वतःला होणारा व्यत्यय निमूटपणे सोसावा. सीबीआरएसमध्ये निदान समोरच्याने सहकार्य करावे अशी लेखी अपेक्षा आहे. इथे तीही नाही, आणि सभोवतालच्या प्रत्येक घरातला वाय-फाय राउटर हा तुमचा स्पर्धक आहे. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ या भागांत रडार ओळखून चॅनेल सोडण्याची सोय उपकरणात चालू ठेवावीच लागते. चॅनेल वापरण्याआधी एक मिनिट ऐकायचे, आणि रडार आढळले तर तो चॅनेल पुढची ३० मिनिटे वापरायचा नाही. ही सोय खोट्या कारणांनीही चॅनेल सोडते, त्यामुळे ती बंद करण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. २००९ मध्ये पोर्तो रिकोतील सान हुआन येथे विमानतळाच्या हवामान रडारवर, ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये, असाच व्यत्यय आढळला होता आणि त्याचा माग बाहेर बसवलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या उपकरणांपर्यंत लागला. त्यानंतर एफसीसीने देशातल्या अनेक बिनतारी पुरवठादारांना दंड केला. तो रस्ता धरू नये.

६ गिगाहर्ट्झची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०२० च्या आदेशानुसार ५९२५ ते ६४२५ आणि ६५२५ ते ६८७५ या भागांत बाहेरही ३६ डीबीएमपर्यंत प्रभावी शक्ती वापरता येते, पण त्यासाठी एएफसी या स्वयंचलित व्यवस्थेला आपली जागा कळवून चॅनेल विचारून घ्यावा लागतो. २०२४ च्या सुरुवातीला त्या व्यवस्थांना व्यावसायिक कामाची मंजुरी मिळाली. तेव्हा ‘नोंदणीची कटकट नाही’ हे काही पूर्ण खरे नाही. शिवाय एएफसी रक्षण करते ते जुन्या मायक्रोवेव्ह लिंकचे. उद्या तोच शेजारी तिथे आला, तर तुमच्या दोघांमध्ये एएफसी पडणार नाही. मोकळी जागा भरपूर असल्याने आज तिथे सुटका मिळेल, हे मान्य. पण झाडांआडून जाण्याच्या बाबतीत ३.६ गिगाहर्ट्झ नक्कीच उजवे आहे आणि ग्राहकाचा संचही बदलावा लागेल.

पहिल्या मताबद्दल माझे नियमवाचक यांच्याशी थोडे दुमत आहे. त्यांच्या उत्तरातून एसएएसची नोंदणी निरुपयोगी असल्याची छाप पडते. तसे नाही. १५ व्या भागाच्या जगात त्रास देणारा कोण, हे शोधण्यातच आठवडे जातात, हातात अँटेना धरून टेकड्या चढाव्या लागतात. इथे प्रत्येक प्रक्षेपकाची जागा, उंची, दिशा नोंदलेली असते, त्यामुळे आपल्या एसएएस प्रशासकाला विचारले, तर तो समोरच्याच्या प्रशासकामार्फत निरोप पोहोचवू शकतो. वाद मिटत नाही, पण वाद कोणाशी आहे हे कळते. क्षेत्रावर काम करणाऱ्याला त्याचे मोल समजते.

कल वाढवण्याचा उपाय कोणी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. उभ्या दिशेने ७ अंशांची शलाका असलेली अँटेना ७ अंश खाली झुकवली, तर क्षितिजाकडे सुमारे १२ डेसिबलची घट मिळते. दोघांनी झुकवली तर २४. पण ५० मीटरच्या मनोऱ्यावरून ७ अंश खाली म्हणजे शलाकेचा मध्य जेमतेम ४०० मीटरवर जमिनीला टेकतो. शहरात हे चालते. ज्याचे ग्राहक सहा-सात किलोमीटरवर आहेत, त्याला असा कल देणे म्हणजे स्वतःच्याच ग्राहकांना तोडणे आहे. अर्धा-एक अंश जरूर बदलून पाहा, त्यापलीकडे आशा ठेवू नका.

उत्तर: नियमवाचक

ग्रामीण_दुवा यांचा मुद्दा मान्य आहे. नोंदीचा माग काढण्यासाठी होणारा उपयोग मी कमी लेखायला नको होता.

आणखी एक पर्याय कोणाच्या बोलण्यात आला नाही, तो पीएएलचा. लिलावात प्रत्येक कौंटीत १० मेगाहर्ट्झचे जास्तीत जास्त सात परवाने होते, त्यांची मुदत १० वर्षांची आहे आणि ते भाड्यानेही देता येतात. देशभरातल्या २२,६३१ परवान्यांपैकी २०,६२५ विकले गेले, पण विरळ वस्तीच्या कौंट्यांत परवाना घेतलेल्यांपैकी सर्वांनीच जाळे उभारले आहे असे नाही. अशा धारकाकडून फक्त त्या मनोऱ्याभोवतीच्या क्षेत्रापुरता परवाना भाड्याने मिळत असेल, तर आपण वरच्या श्रेणीत जाता आणि मग एसएएसला आपला हिशेब मांडावाच लागतो.

तरीही त्याचा अर्थ समजून मग करार करावा. पीएएलच्या संरक्षित क्षेत्रात इतरांचा एकूण सिग्नल १० मेगाहर्ट्झमागे उणे ८० डीबीएमच्या आत ठेवायचा, अशी मर्यादा आहे. वर नॉइजची तळरेषा उणे ९९ सांगितली आहे, म्हणजे संरक्षण मिळूनही १९ डेसिबलची वाढ नियमाला मंजूर आहे. त्यातही ही मर्यादा जमिनीपासून १.५ मीटर उंचीवरच्या अँटेनासाठी मोजली जाते. ५० मीटरवरच्या, १७ डीबीआय लाभाच्या अँटेनाला काय ऐकू येते, हा वेगळाच विषय आहे. मोबाइल फोनच्या दृष्टीने लिहिलेले हे माप स्थिर ब्रॉडबँडच्या अपलोडला पुरेसे बसत नाही, असे माझे मत आहे. म्हणून पीएएल मिळाला तरी त्याच शेजाऱ्याशी बोलणे टळत नाही. फक्त बोलताना आपली बाजू भक्कम असते.

उत्तर: लहरी_अभियंता

रचना कोणी बदलावी, हा मानापमानाचा मुद्दा करू नये, हिशेब पाहावा. चार अपलोड उपविभागांपैकी ३ आणि ८ तुम्हाला आजही वापरता येत नाहीत. क्रमांक २ वर गेलात तर कागदोपत्री तेच दोन हातचे जातात, म्हणजे त्या सेक्टरवर नवे नुकसान जवळजवळ काहीच नाही, आणि बदल्यात डाउनलोडचे उपविभाग चारवरून सहा होतात. खरी किंमत मोजावी लागते ती त्याच मनोऱ्यावरच्या बाकीच्या सेक्टरना, कारण एका मनोऱ्यावर दोन वेगळ्या रचना ठेवल्या, तर आपलेच सेक्टर एकमेकांना बधिर करतील. तेव्हा बाकीच्या सेक्टरवरचा अपलोड संध्याकाळच्या गर्दीत किती भरतो, हे आधी मोजा. तो दोन उपविभागांत मावत असेल तर बदलून टाका. मावत नसेल तर समोरच्याला प्रस्ताव द्या, की एकमेकांकडे तोंड असलेल्या दोन सेक्टरसाठी चॅनेल वाटून घेऊ. बाकीच्या दिशांना दोघांनीही पूर्ण रुंदी वापरावी.

चॅनेल वाटताना लगतचा चॅनेल म्हणजे पूर्ण सुटका, असे समजू नका. चांगल्या बेस स्टेशनची शेजारच्या चॅनेलमधली गळती ४५ डेसिबल खाली असते. उणे ५३.६ मधून ४५ वजा केले तर उणे ९८.६ उरते, म्हणजे तुमच्या तळरेषेइतकाच नॉइज वरून पडतो आणि तुम्ही ३ डेसिबल गमावता. रिसीव्हरची निवडक्षमता साधारण असेल तर त्याहून जास्त. मध्ये १० मेगाहर्ट्झचे अंतर ठेवता आले तर उत्तम.

एकच रचना ठरली, तर करारात ‘क्रमांक २’ एवढेच लिहून भागणार नाही. बोलण्याकडून ऐकण्याकडे वळताना जो विशेष उपविभाग येतो, त्याची विभागणीही दोघांची सारखी हवी. क्रमांक ७ ची विभागणी घेतली तर मध्ये दोन चिन्हांची (चिन्ह हा उपविभागातला सर्वांत लहान कालखंड), म्हणजे सुमारे १४३ मायक्रोसेकंदांची शांतता मिळते. एवढ्या वेळात सिग्नल ४३ किलोमीटर जातो, त्यामुळे तुमच्या पाच किलोमीटरसाठी ती भरपूर आहे. चौकट नेमकी कोणत्या क्षणी सुरू होते, तेही लिहा, कारण एलटीई नसलेली काही उपकरणे स्वतःची सुरुवात वेगळ्या क्षणी धरतात आणि मग रचना जुळूनही बोलण्या-ऐकण्याच्या वेळा सरकलेल्या राहतात.

आणि जीपीएसचा सिग्नल गेला तर काय, याचे कलम अवश्य टाका. बरीच बेस स्टेशने आतल्या घड्याळावर काही काळ रेटतात आणि हळूहळू सरकत जातात. ठरावीक अवधीनंतर त्या सेक्टरने प्रक्षेपण आपोआप थांबवावे, असे दोघांच्याही संचांत बसवलेले असावे, आणि कोणत्याही वेळी फोन उचलेल अशा एका माणसाचे नाव दोघांनीही एकमेकांना द्यावे.